संतांच्या घरात केलं ते सगळं आपणही करायचं का?

वसईची_वेल | ४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

परवा १ तारखेला बाळ येशूच्या संत तेरेजाचा, म्हणजे फ्रान्समधल्या त्या तरुण सिस्टरचा, सण झाला. त्यानिमित्ताने आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) तरुण आयांच्या गटात तिच्या आईवडिलांवर, म्हणजे संत लुई आणि संत झेली मार्टिनवर बोलणं झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्रान्समधलं आलाँसों गाव. तो घड्याळजी, ती लेसचं काम करणारी. लग्न १८५८ साली. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली, उरलेल्या पाचही मुली सिस्टर झाल्या. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नवराबायकोला एकत्र संतपद दिलं.

इथवर छान चाललं होतं. मग गट चालवणाऱ्या बाईंनी यादी काढली. ते पहाटे साडेपाचच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जायचे, आपणही रोज जायचं. ते रविवारी दुकान उघडत नसत, आपण रविवारी ऑनलाइन काही मागवायचं नाही. त्यांनी मुली जगापासून जपल्या, आपणही जपायच्या. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, आठवड्यातून दोनदा कथ्थकला जाते. "झेलीने मुलीला नाचाच्या क्लासला घातलं असतं का?" असं मला सगळ्यांसमोर विचारलं.

मी गप्प बसले. घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू. सकाळी ६.१२ ची गाडी पकडून अंधेरीला जाणारी बाई मी, साडेपाचची मिस्सा कशी जमवू? नवरा म्हणतो सोडून दे. पण प्रश्न सुटत नाही. चर्चने ज्यांना संत म्हटलं त्यांचं सगळंच बरोबर असणार ना? मग आपण कुठे कमी पडतो?

(इतर धर्मीयांनीही लिहावं, फक्त भांडण नको.)

खवचट_पोपट | ४ ऑक्टोबर, रात्री १०.५२

पोराला संत करायचंय? सोपं आहे. असिसीच्या फ्रान्सिसच्या बापासारखं वागा. पोराने दुकानातलं कापड विकून चर्चला पैसे दिले म्हणून त्याला कोंडून ठेवा, मग ओढत बिशपसमोर न्या. थॉमस अक्वायनसच्या घरच्यांनीही त्याला वर्षभर डांबलं होतं. दोघं संत. निकाल शंभर टक्के.

(हलके घ्या.)

गिरीजकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

पोपटराव, विनोद बाजूला ठेवा. ताईंचं दुःख खरं आहे, सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. पण मुद्द्याला बगल देऊ नका. संत चर्चने कशाला दिलेत? भिंतीवर फोटो लावायला? नमुना म्हणून दिलेत. मुलाला क्रिकेट शिकवताना आपण मोठ्या फलंदाजाची बॅट धरायची पद्धत दाखवतो, तेव्हा "त्याची परिस्थिती वेगळी होती" असं म्हणत नाही. आध्यात्मिक गोष्ट आली की मात्र लगेच परिस्थिती वेगळी होते.

आमच्या घरी साडेसातला रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. टीव्ही बंद, फोन टेबलावर पालथे. मुलं कुरकुरली, आता मोठी झाली आणि स्वतःच्या घरी तेच करतात. माझ्या वडिलांनी केलं म्हणून मी केलं. नक्कल वाईट नसते. लहान मूल बोलायलाही नकलेनेच शिकतं.

आणि नाचाचं विचारलंत म्हणून सांगतो. तेरेजाने स्वतःच लिहून ठेवलंय. बहीण सेलिन एका नात्यातल्या लग्नाला जाणार होती. तिथे तिला नाचायला लावतील म्हणून मठात बसलेल्या तेरेजाला रडू आलं, तिने देवाला विनवलं. लग्नात सेलिनच्या जोडीदाराला पाऊलच उचलता येईना. बिचारा ओशाळून निघून गेला.

खवचट_पोपट | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.३१

काका, कथ्थकला जोडीदार लागत नाही.

साधी_सुई | ५ ऑक्टोबर, दुपारी १.०५

+१ पोपट :)

मी भरतकाम आणि लेसच्या धंद्यात आहे, म्हणून झेलीबद्दल थोडं जास्त वाचलंय. आलाँसोंची लेस सुईने करतात, बॉबिनवर नाही. एका तुकड्याचे भाग वेगवेगळ्या बायका आपापल्या घरी करतात. एकीकडे जाळी, दुसरीकडे भरण, आणि शेवटी ते सगळं अशा बेमालूम टाक्यांनी जोडायचं की जोड दिसता कामा नये. जोडायचं काम झेली स्वतः करायची. दर गुरुवारी बायका तिच्याकडे तयार तुकडे आणून द्यायच्या आणि नवं काम घेऊन जायच्या. म्हणजे ती "घरी बसून लेस विणणारी माउली" नव्हती. ऑर्डरी, मजुरी, मुदती, सगळं सांभाळणारी मालकीण होती. रात्री उशिरापर्यंत काम चालायचं आणि पत्रांत ती त्याबद्दल तक्रारही करते. तिची दोनशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत. वाचली तर आपल्याच ग्रुपवरची बाई बोलतेय असं वाटतं.

आणि लुई? त्याने १८७० मध्ये आपलं घड्याळांचं दुकान भाच्याला विकलं आणि बायकोच्या धंद्यात हिशेब आणि विक्री बघायला लागला. गटातल्या बाईंना विचारा, यादीत हे का नाही? आपल्याकडे कुठला नवरा आपलं दुकान विकून बायकोच्या धंद्यात उतरेल? अनुकरण करायचंच तर माझ्या घरापासून सुरुवात झाली तर मला चालेल. आमचे हे वाचतायत का माहीत नाही.

मिसिसॉगाकर | ५ ऑक्टोबर, रात्री ११.४८ (आमच्याकडे दुपार)

मूळचा आगाशीचा, आता बारा वर्षं कॅनडात. आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. इथे बरीच कॅथलिक कुटुंबं तसं करतात. निर्णय घेताना मार्टिन कुटुंबाचाच आधार वाटला. तेरेजा साडेआठ वर्षांची होईपर्यंत बहिणींकडे घरीच शिकली. नंतर लिझ्यो गावात बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या शाळेत घातली तर ती पाच वर्षं दुःखीच होती, शेवटी काढून घेतलं. शाळा सगळ्यांना मानवत नाही.

रात्रपाळी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

@मिसिसॉगाकर, घरी शिकवा, आनंदाने शिकवा. पण आधार अर्धाच घेतलात. त्याच झेलीने थोरल्या दोघींना, मारी आणि पोलिनला, ल माँ गावच्या बोर्डिंगात ठेवलं होतं, कारण तिची बहीण तिथे सिस्टर होती. लिओनीलाही तिथेच पाठवलं, तर सिस्टरांनी तिला सांभाळणं जमत नाही म्हणून परत पाठवलं. एकाच घरात बोर्डिंग, घरची शाळा आणि शाळेतून परत आलेली मुलगी. यातलं कुठलं अनुकरणीय?

मी नर्स आहे. मला त्या घरातली दुसरीच गोष्ट छळते. झेलीला स्तनात गाठ होती, पुढे त्याच कॅन्सरने ती १८७७ मध्ये ४५ व्या वर्षी गेली. नंतरच्या बाळांना अंगावर पाजणं जमेना म्हणून दाई ठेवावी लागे. १८७० मध्ये झालेली मेलानी अशाच एका दाईकडे होती. दाईने नीट पाजलं नाही. मूल उपाशी राहिलं आणि दोन महिन्यांत गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पाच वर्षांची एलेन गेली होती. १८७३ मध्ये तेरेजा झाली, ती पण मरायला टेकली. डॉक्टर म्हणाले अंगावरचं दूध मिळालं तरच जगेल. झेली पहाटे उठून चालत सेमाले गावी गेली आणि रोझ नावाच्या शेतकरी बाईला घेऊन आली. मग वर्षभर तेरेजा रोझच्या घरी, शेतात वाढली. एका दाईकडे मूल गेलं, दुसऱ्या दाईने वाचवलं. दोन्ही वेळा आई तीच, श्रद्धा तीच.

शिवाय घरातली मोलकरीण लिओनीला गुपचूप धाकात ठेवायची, त्रास द्यायची. झेलीला ते शेवटच्या वर्षी कळलं. इतकी वर्षं एकाच छपराखाली. मी हे वाचून पुस्तक मिटलं होतं. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना पाळणाघरात त्याच्या हातावर चिमट्यांचे वळ दिसले होते. मला तीन आठवडे कळलं नव्हतं आणि मी तर रोज आंघोळ घालत होते. तेव्हापासून संतांच्या घरात असं घडू शकतं याने मला धीर येतो. लोकांना वाटतं धक्का बसेल.

वसईची_वेल | ६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

@रात्रपाळी, मोलकरणीचं आमच्या गटात कोणी बोललंच नाही. मला माहीतच नव्हतं.

आळंदीचा_पाहुणा | ६ ऑक्टोबर, रात्री ११.०२

मी कॅथलिक नाही, पण धागा सोडवेना. आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण उत्तर उघड आहे. गोरोबाकाका भजनात इतके रंगले की चिखलात स्वतःचं लेकरू तुडवलं, अशी कथा सांगतात. आम्ही रडतो, अभंग म्हणतो, पण कुठल्याही कुंभाराला "तसं कर" म्हणत नाही. तुकोबांच्या घरी आवली उपाशी, हा तर कीर्तनाचा हक्काचा विषय. कीर्तनकार हसवतो तुकोबांच्या बाजूने, आणि समोरच्या बायका मनातून आवलीच्या बाजूने असतात.

पण एक विचारायचं होतं. या मार्टिन दांपत्याने लग्नानंतर ब्रह्मचर्य पाळलं होतं असं वाचलं, ते खरं का? तसं असेल तर विठ्ठलपंतांची आठवण येते. बायकोला सोडून काशीला संन्यास घेतला, गुरूने परत संसारात पाठवलं, म्हणून ज्ञानेश्वर आणि भावंडं झाली.

साधी_सुई | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

खरं आहे. सुरुवातीचे दहा महिने दोघं भाऊबहिणीसारखे राहिले, फार पवित्र वाटायचं म्हणून. मग एका धर्मगुरूने समजावलं आणि त्यांनी विचार बदलला. पहिली मुलगी १८६० मध्ये. मुलं हवीत म्हणूनच माझा जन्म, अशा अर्थाचं झेलीने पुढे लिहिलंय. काय विलक्षण जुळतंय हो तुमचं आळंदीचं! तो धर्मगुरू नसता तर तेरेजाही नाही आणि हा धागाही नाही.

तात्या_निर्मळ | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४५

हळू टाइप करतो, सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी वसईत घरटी एक पोर देवाला द्यायचं अशी हौस असायची. मोठी माणसं म्हणत, मार्टिनच्या घरातून पाच गेल्या, तुमच्या घरातून एक तरी जाऊ द्या. (तेव्हा आईबाप संत नव्हते झाले, पण तेरेजाचं घर सगळ्यांना पाठ.) आमच्या घरातून माझा धाकटा भाऊ निवडला. निवडला म्हणजे तो हुशार होता आणि वेदीसेवक होता, एवढंच. तेराव्या वर्षी सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत. सहा वर्षांनी परत आला. त्याला देवाचं बोलावणं नव्हतं, फादरांनीच सांगितलं की बाळा, घरी जा, लग्न कर. त्यांनी योग्य केलं.

पण गावाने काय केलं? "परत आला" हे त्याचं आडनावच झालं. आई मिस्साला मागच्या बाकावर बसायला लागली. भावाने पुढे एसटीत नोकरी केली, संसार केला, मुलं शिकवली. गेल्या वर्षी वारला. त्याच्या मिस्साला त्याच्या सेमिनरीतले तीन फादर आले होते. आई असती तर पहिल्या बाकावर बसली असती.

मार्टिनबुवाने पोरी ढकलल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. एकेक मुलगी निघाली तेव्हा त्याला त्रासच झाला. तेरेजा पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली ती १८८८ मध्ये. पुढच्याच वर्षी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, काँ शहरातल्या मनोरुग्णालयात तीन वर्षं काढली. लिझ्योतले लोक म्हणायचे मुलींनी बापाला वेडं केलं. गाव सगळीकडे सारखंच.

गिरीजकर | ७ ऑक्टोबर, रात्री ८.४०

तात्या, तुमचा भाऊ मला माहीत होता बहुतेक. सोज्वळ माणूस. यावर मी काही बोलत नाही.

पण धागा आता असा चाललाय की संतांच्या चुकाच मोजायच्या. संत मोनिका घ्या. वर्षानुवर्षं मुलासाठी रडली, प्रार्थना केली, समुद्र ओलांडून त्याच्या मागे गेली. ऑगस्टिन वळला. प्रत्येक आईने हे करावं की नाही?

रात्रपाळी | ८ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

काका, प्रार्थना जरूर करावी. पण मोनिकाने ऑगस्टिनचं लग्नही ठरवलं होतं. मुलगी लग्नाच्या वयाला अजून दोन वर्षं कमी. त्यासाठी इतकी वर्षं सोबत राहिलेली, त्याच्या मुलाची आई असलेली बाई आफ्रिकेला परत पाठवली गेली. ऑगस्टिनने स्वतः लिहिलंय की त्याचं काळीज फाटलं. त्या बाईचं नावही त्याने दिलेलं नाही. मोनिकाच्या या निर्णयाचं अनुकरण कराल? मोनिका संत आहेच. तो निर्णय संत नाही.

आणखी एक, कारण हे मी वॉर्डात ऐकते. संत जियाना मोला, इटलीची लहान मुलांची डॉक्टर, २००४ मध्ये संतपद. चौथ्या मुलाच्या वेळी गरोदर असताना गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशयच काढून टाकणं तिथे चालू शकलं असतं. उपचार आईचा, बाळाचा मृत्यू हेतू नाही, म्हणून कॅथलिक नीतिशास्त्रात ते बसतं. तिने फक्त गाठ काढायला सांगितली, बाळ ठेवलं. १९६२ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली आणि आठवड्याने ती गेली. हे तिच्यावर बंधन नव्हतं. म्हणूनच ते वीरोचित. जे तिला सक्तीचं नव्हतं ते एखाद्या घाबरलेल्या गरोदर बाईला "जियानाने केलं, तू का नाही" म्हणून सांगणारी सासू मी डोळ्यांनी बघितली आहे. मी तिला वॉर्डाबाहेर काढलं.

ती जियाना, तसं म्हटलं तर, स्कीइंग करायची, गाडी चालवायची, नवीन फॅशनचे कपडे आवडीने घालायची आणि तीन मुलं असताना दवाखाना चालवायची.

खवचट_पोपट | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.१२

स्वित्झर्लंडचा संत निकोलस फॉन फ्ल्यूए. १४६७ मध्ये बायको डोरोथिया आणि दहा मुलं सोडून तपाला गेला. धाकटं एक वर्षाचंही नव्हतं. बायकोची परवानगी घेतली होती म्हणे. मी काल आमच्या हिला विचारलं. तीन दिवस द्या म्हणाली, नंतर बटाटे संपतील.

साधी_सुई | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

मला कायम त्या डोरोथियाला विचारायचं असतं की दहा मुलांचं जेवण बाई तू कशी... जाऊ दे.

अवांतर: लुई मार्टिनला मासेमारीचं वेड होतं. मासे पकडून गावातल्या क्लॅरिस्ट सिस्टरांना नेऊन द्यायचा. वसईकरांनी निदान या अनुकरणाला हरकत घेऊ नये.

तात्या_निर्मळ | ८ ऑक्टोबर, दुपारी १२.०४

पापलेटचा भाव बघितलात का? संतपण परवडत नाही.

मिसिसॉगाकर | ८ ऑक्टोबर, रात्री १०.१५

@रात्रपाळी, बोर्डिंगचा मुद्दा मान्य. मी सोयीचं तेवढं उचललं होतं. घरी शिकवण्याचं कारण खरं तर इथला हिवाळा आणि मुलीचा दमा आहे. संत झेलीचं नाव घेतलं की नातेवाईक प्रश्न विचारत नाहीत, हा फायदा.

एक अनुभव. तेरेजा लहानपणी मण्यांच्या माळेवर छोटे छोटे त्याग मोजायची. आम्ही दोन्ही मुलांना तशी माळ केली. आठवडाभरात मुलाने सांगितलं, "दहा मणी झाले, आता आइस्क्रीम." मुलगी तर बहिणीच्या नात्याने भावाचे मणी तपासायला लागली. माळ सध्या कपाटात आहे.

आळंदीचा_पाहुणा | ९ ऑक्टोबर, सकाळी ८.००

हाहा. आमच्याकडे जपमाळ मोजायचं ॲप आहे, तिथेही हेच होतं.

गिरीजकर | ९ ऑक्टोबर, रात्री ९.१०

दोन दिवस विचार केला. एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. तेरेजाचा पहिला कम्युनियन (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) ११ व्या वर्षी झाला, १८८४ मध्ये. तेव्हा फ्रान्समध्ये तशीच रीत होती. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी वय खाली आणलं. आपल्याकडे मुलं आठ-नऊ वर्षांत घेतात. मार्टिनच्या घराची हुबेहूब नक्कल करायची तर मला माझ्या नातवाचा कम्युनियन दोन वर्षं थांबवावा लागेल, आणि तेव्हा चर्च म्हणेल, बाबा, वेडा आहेस का? म्हणजे नक्कल मी पण सगळी करत नाही. हे मला मान्य करावं लागतंय आणि आवडत नाहीये.

तरीही. सवलतीचा धागा करू नका. साडेपाचची मिस्सा जमत नाही म्हणून रविवारचीही सुटली असं नको.

रात्रपाळी | ९ ऑक्टोबर, रात्री ९.३५

काका, हे मात्र +१००. आणि दुसरं टोकही आठवा. ७ सप्टेंबर २०२५ ला कार्लो अकुतिस या इटलीतल्या मुलाला संतपद मिळालं. त्याची आई सांगते की ती आधी चर्चला जवळजवळ जातच नव्हती, मुलाच्या प्रश्नांमुळे वळली. अनुकरणाच्या यादीवाल्या बाईंनी तिचं काय करायचं?

वसईची_वेल | १२ ऑक्टोबर, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार. काल गट होता. मी गेले.

साधी_सुईच्या सांगण्यावरून पत्रं वाचायला घेतली, अजून निम्मी राहिलीत. त्यात झेली लिहिते की तिचं बालपण फार उदास गेलं. आई धार्मिक होती, कडक होती, आणि झेलीला कधी बाहुलीसुद्धा मिळाली नाही. मी गटात एवढंच विचारलं: झेलीची आई पण देवभीरूच होती, मग झेलीने तिचं अनुकरण का केलं नाही? तिच्या मुलींकडे खेळणी होती. तेरेजाची खेळणी लिझ्योच्या घरात आजही ठेवलेली आहेत.

बाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी पण बाहुलीशिवायच वाढले." मग कोणीतरी चहा आणला. यादीचा विषय पुढे निघाला नाही. वाईट माणूस नाही ती. पाच मुलं एकटीने वाढवली आहेत, हे मला कालच कळलं.

लिओनीचं वाचून फार बरं वाटलं. तीनदा मठातून परत आलेली मुलगी १८९९ मध्ये काँच्या मठात शेवटी टिकली, आणि आता तिच्याच संतपदाचं काम चालू आहे. तात्या, तुमच्या भावाची आठवण झाली.

साडेपाचची मिस्सा जमत नाहीये. शनिवारी सकाळची एक सुरू केलीय, मुलगी स्वतःहून येते, वाटेतल्या वडापावसाठी येते हे मला माहीत आहे. कथ्थक चालू आहे.

तात्या_निर्मळ | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४१

वडापावसाठी आम्ही पण जायचो. तेव्हा पाव आणि केळं असायचं.

पोरीचा नाच नाताळात पॅरिश हॉलमध्ये ठेवा की.

गिरीजकर | १२ ऑक्टोबर, रात्री १०.५५

ठेवा. मी येईन. पण साडेसातच्या आत संपवा, घरी रोझरी असते.